दगडीचं नवं नाव

१

अनंतराव मास्तरांची शाळा सकाळची. अकराच्या सुमाराला ते घरी येत, जेवत, पान लावत आणि मग ओसरीच्या कोपऱ्यात उतरतं मेज पुढ्यात ओढून दिवे लागेपर्यंत बसत. सेलूच्या कापूसबाजारामागच्या गल्लीत त्यांचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. समोरच्या जिनिंगची, सरकी काढायच्या कारखान्याची, घरघर दिवसभर चालू असे. हंगामात कापसाचे तंतू उडत उडत थेट दौतीत येऊन पडत. मास्तर टाकाच्या टोकानं ते काढून टाकत आणि पुढं लिहीत.

लिहीत होते ते एक जुनंच पुस्तक, पण नव्यानं. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेतली तालीम उर्दूत. मराठी पोरांना घरी वाचायला धड गोष्टीचं पुस्तक मिळणं मुश्कील. मास्तरांचे शाळूसोबती दिनकरराव यांनी हैदराबादेत छापखाना टाकला होता. त्यांनी एक फाटकं पुस्तक मास्तरांच्या हातात ठेवलं. चार पोरं देवीच्या मुकुटाच्या चोराचा माग काढतात, अशी त्यातली गोष्ट. मास्तरांनी ती लहानपणी चिंचेच्या फांदीवर बसून वाचली होती आणि त्या नादात एकदा खालीही पडले होते.

"गोष्टीत जीव आहे रे अनंता," दिनकरराव म्हणाले होते, "पण आजची पोरं ही भाषा वाचायची नाहीत. वाक्यं तोड, उपदेश छाट आणि ती नावं आधी बदल बुवा. धोंड्या काय, दगडी काय! पोरं हसतील."

वाक्यांचं खरंच होतं. इतकी लांब की सुरुवातीला पकडलेला चोर वाक्य संपेपर्यंत सुटून जाई. मास्तरांनी ती तोडली. धोंड्याचा वसंत केला. आणि चौघांत सगळ्यात लहान, काटकुळी, कुठल्याही खिडकीतून आत शिरणारी जी दगडी होती, तिचं नाव ठेवलं लीला.

मास्तरांची परीक्षक होती त्यांची नऊ वर्षांची लेक, कडू. लिहून झालेलं पान ते तिला वाचून दाखवत. तिनं जांभई दिली की तो परिच्छेद गेलाच. त्या दिवशी तिनं जांभई दिली नाही, उलट मध्येच अडवलं.

"बाबा, दगडी कुठं गेली?"

"हीच ती. आता तिचं नाव लीला."

"तिनं काय केलं होतं?"

"काही नाही गं. जुनं नाव होतं, चांगलं ठेवलं."

कडू विचारात पडली. "असं बदलता येतंय? मग माझंबी बदला की. मला लीलाच पायजे. शाळेत पोरी मला कडू कारलं म्हणायल्यात."

मास्तरांना हसू आलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. "बदलू. पुस्तक छापून आलं की तुझंही बदलू," ते म्हणाले.

आत कडूची आई नर्मदाबाई ज्वारी पाखडत होत्या. तो सुपाचा आवाज थांबला.

२

कडूच्या आधी त्या घरात तीन बाळं झाली होती. दोन मुलगे आणि मधली मुलगी. तिन्ही देखणी, तिन्ही गोरीपान, आणि तिन्ही बारशाच्या आधीच गेली. एकही बाराव्या दिवसापर्यंत टिकलं नाही. बारशाआधी नाव घ्यायचं नाही ही रीत, त्यामुळं त्यांना नावंच मिळाली नाहीत. नर्मदाबाईंना रडताना कुणाचं नाव घेऊन रडावं तेही कळत नसे. त्या नुसतं "बाळ, बाळ" म्हणत, आणि त्यातलं कुठलं बाळ हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

कडू झाली तेव्हा सुईण बायनाबाईनं सूत्रं हातात घेतली. न्हाऊमाखू घातलेली पोर तिनं सरळ उकिरड्यावर ठेवली, परत उचलली, मूठभर कोंड्याला विकत घेतली आणि आईच्या ओटीत टाकताना म्हणाली, "ही तुझी न्हाई, माझी हाय. कडू हाय, कडू! कुणी तोंड लावायचं न्हाई."

अशी नावं त्या मुलखात घरोघर होती. दगडाबाई, धोंडाबाई, कडूबाई. लेकरं जगत नाहीत त्या घरात पुढच्या लेकराचं नाव असंच ठेवायचं, कुणालाही हवंसं वाटू नये असं. मास्तर त्या वेळी दुःखानं इतके खचले होते की पोरीचं नाव माती ठेवलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती. पुढं कडू धडधाकट वाढली, आणि जसजशी ती वाढली तसतशी मास्तरांना त्या उकिरड्याची लाज वाटू लागली. शिकलेला माणूस! चार लोकांत पोरीला हाक मारताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई.

"नाव बदलायचं न्हाई," नर्मदाबाई संध्याकाळी म्हणाल्या.

"अगं, नावानं काय होतंय? ती जगली ती तिच्या नशिबानं."

"तिच्या नशिबानं जगली, तर मग त्या तिघांनी काय घोडं मारलं होतं?"

 मास्तर पंचांग चाळत बसले.

३

गोष्टीत एक प्रकरण मास्तरांना लहानपणापासून आवडायचं. चोराचा पाठलाग करत पोरं कापसाच्या वखारींपाशी येतात. सगळ्यात लहान मुलगी खिडकीतून एका वखारीत शिरते आणि मागून खिडकी बंद होते. वखारी पुष्कळ, सगळ्या सारख्या. ती कुठल्या वखारीत आहे? बाहेरून पोरं तिला हाका मारत हिंडतात, आणि आतून तिची ओ आली की तिथलं कुलूप फोडतात.

ते प्रकरण मास्तर दुपारी कडूला वाचून दाखवत होते. नुसतं वाचण्यात काय मजा? ते हाताचा कर्णा करून वसंतच्या आवाजात ओरडले, "लीला! लीलाऽ!"

जिनिंगला नेमकी जेवणाची सुट्टी झाली होती. घरघर थांबली होती. कावळासुद्धा बोलत नव्हता.

"ओ."

मास्तर पुढचं वाक्य वाचून गेले. मग थांबले. कडू समोर बसली होती. तिच्या तोंडात भुईमुगाच्या शेंगा कोंबलेल्या होत्या, गाल फुगले होते.

"तू ओ दिलीस?"

तिनं मान हलवली. घास गिळला. "मी न्हाई. आतून आली."

नर्मदाबाई आडावर गेल्या होत्या. घरात तिसरं कुणी नव्हतं. शेजारची पोरं असतील, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. पण शेजारी पोरंच नव्हती, एक म्हातारा मुनीम होता. ते उठले. माजघर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं. मग उरली कोठीची खोली. तिला खिडकी नव्हती. दोन कणग्या, मडक्यांची उतरंड आणि भिंतीशी गोधड्यांची चळत. ज्वारीचा नि जुन्या कपड्यांचा वास. सगळ्यात वरच्या गोधडीत एक खळगा पडला होता, कणकेच्या परातीएवढा. मास्तरांनी त्यात हात ठेवला. गोधडी ऊबदार होती.

मांजर बसलं असेल, ते म्हणाले. आणि मांजर ओ देत नाही, हेही त्यांना लगेच सुचलं.

४

मास्तर विज्ञान शिकवत. एखादी गोष्ट एकदा घडली तर तिला काही अर्थ नाही, हे ते वर्गात छडी आपटून सांगत. म्हणून दुसऱ्या दिवशी जिनिंग थांबल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. काही नाही. ओसरीवरून मारली, माजघरातून मारली. काही नाही. "हं!" म्हणून ते मेजाशी बसले, टाक दौतीत बुडवला, आणि तेव्हा मागून, माजघराच्या दारातून, ओ आली.

ते मागं वळले नाहीत. भीती वाटली हे खरं, पण मान ताठरली ती निव्वळ भीतीनं नव्हे. त्या आवाजात आनंद होता. वर्गात हजेरी घेताना नव्या पोराचं नाव पहिल्यांदा पुकारलं की ते कसं घाईघाईनं, गरजेपेक्षा मोठ्यानं ओ देतं, तशी ती ओ होती. आपल्याला हाक मारली, यावर त्याचा विश्वासच बसलेला नसतो.

आता हाक मारायची नाही असं त्यांनी ठरवलं. पण नाव तर कागदावर होतं, आणि कागदावरून ते कडूच्या डोक्यात गेलं होतं. कडू म्हटलं की ती मान वर करेना.

"मी कडू न्हाई आता. लीला म्हणा, तरच येईन."

"कडू, जेवायला चल."

ढिम्म. नर्मदाबाईंनी एक धपाटा घातला, तरी ढिम्म. शेवटी मास्तरांनीच कंटाळून "लीला, चल गं" म्हटलं, तर कडू उठायच्या आत कोठीच्या खोलीतून ओ आली. नर्मदाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. कडू मात्र पाय आपटत रडू लागली. "बघा! ती आधी ओ देती! नाव माझं हाय, आन् ती घेऊन बसली!"

त्यानंतर कडू दुपारी कोठीच्या खोलीत जाऊन बसू लागली. मास्तर ओसरीवरून कान देत. कडूचाच आवाज ऐकू येई. भांडल्यासारखा, मग समजूत काढल्यासारखा, मग कुजबुजल्यासारखा. मधेमधे ती गप्प होई आणि ऐकत राही.

"कुणाशी बोलायलीस?" त्यांनी एकदा विचारलं.

"तिच्याशी. ती नाव देत न्हाई. मी म्हणलं, मग मी काय करू, मला तर आता कुठलंच न्हाई." कडूचा चेहरा उतरला होता. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. "ती म्हणती, इकडं ये. इथं नाव लागत न्हाई."

मास्तरांनी त्या खोलीला कडी घातली. त्या दिवशी त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

५

कडूला ताप भरला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून लाल औषध दिलं. ते तिनं गुमान घेतलं, हाच मास्तरांना मोठा धक्का होता. हट्ट नाही, तक्रार नाही. कपाळावर हात ठेवून "कडू, ए कडू" म्हटलं की ती नजर लावून बघे, पण परक्याचं नाव ऐकावं तशी.

मास्तरांनी सगळे कागद काढले आणि जिथं जिथं लीला होतं तिथं काट मारून दगडी लिहिलं. दगडी धावली. दगडी हसली. दगडी वखारीत शिरली. शिकलेल्या माणसानं हे करावं याची शरम वाटायलासुद्धा त्यांना फुरसत नव्हती. कागदावरून नाव गेलं. ताप गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतून परत आले, तर कडूच्या उशाशी कुणी नव्हतं. नर्मदाबाई कोठीच्या बंद दारापाशी बसल्या होत्या, गाल दाराला लावून. बायकोचं इतकं उजळलेलं तोंड मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लीला," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या.

"ओ," आतून आलं, अगदी दाराला लागून.

"काय करायलीस तू हे!" मास्तर ओरडले.

"ती आपली मधली हाय हो." नर्मदाबाईंना त्यांचा राग कळलाच नाही. "जन्मात तिला कुणी हाक मारली न्हाई. हाक मारली तर येती बघा कशी पळत. मी तेव्हाच म्हणलं होतं, नाव ठेवा, बारसं मागून करू. तुमच्या आईनं ऐकलं न्हाई, तुमीबी गप बसलात."

मास्तरांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि कडूपाशी आणलं. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. ओठ निळसर दिसत होते. त्यांनी तिला हाक मारली, आधी कडू, मग कडूबाई, मग चिमणे, मग जे सुचेल ते. ती हलली नाही.

बायनाबाईला बोलावणं गेलं. म्हातारी काठी टेकत आली, पोरीला पाहिलं, दाराच्या कडीला पाहिलं, आणि मास्तरांवर उसळली. "मास्तर, म्या कोंडा देऊन घेतलेली पोर हाय ही. तुमाला कुणी सांगितलं हिचं नाव काढून घ्यायला? आता ही ना धड हिकडची, ना धड तिकडची." मग ती नर्मदाबाईंकडं वळली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, आतलं तुझंच हाय. पर ते ऱ्हाईलं तर ही जाईल. तुलाच सांगावं लागंल त्याला. बापाचं ऐकायचं न्हाई ते."

"काय सांगू मावशी?"

"हितं तसलं कुणी न्हाई म्हणून सांग."

"माझ्या तोंडानं?"

"तुझ्याच तोंडानं, बाई. दुसऱ्या कुणाची वळख हाय त्याला?"

६

 नर्मदाबाईंचा एक हात कडूच्या छातीवर होता. छाती हलत होती, पण मध्ये थांबून, आठवल्यासारखी. एकदा ती इतका वेळ थांबली की मास्तरांनी देवाचं नाव घेतलं. तेव्हा नर्मदाबाई उठल्या.

समोरची जिनिंग थांबली. ओसरीवर ऊन पडलं होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. बायनाबाईनं कडी काढली. दार बोटभर उघडलं आणि तसंच राहिलं. आत काळोख होता. मास्तर बायकोच्या मागं उभे राहिले. तिला आधार द्यावा म्हणून ते गेले होते, पण खरं तर त्यांनीच तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

 नर्मदाबाई बोलल्या, तो आवाज त्यांचा वाटलाच नाही. "हितं... हितं लीला नावाचं कुणी न्हाई."

नाकारायचं झालं तरी नाव घ्यावंच लागलं. आणि आतून, नाव ऐकताच, ओ आली. तीच, आनंदाची.

"ओ."

लगेच तिच्या बाजूनं दुसरी. थोडी घोगरी.

"ओ."

आणि अगदी मागून, कणगीच्या पलीकडून, तिसरी, बारीक, धाप लागलेली. मागं राहिलेलं लेकरू आपल्यालाही घ्या म्हणून पळत यावं तशी.

"ओ."

 मास्तर भिंतीला धरून खाली बसले. एक नव्हतीच ती कधी. तिघंही होती. मुलगा काय आणि मुलगी काय, घरात इतक्या वर्षांनी कुणीतरी एक चांगलं नाव मोठ्यानं हाकारलं होतं, आणि ते आपलंच समजून तिघंही आली होती. एकाच नावावर तिघं.

खाली बसल्यामुळंच त्यांना ते दिसलं. दाराच्या फटीत, उंबऱ्याला लागून, काहीतरी पांढुरकं हललं. उभ्या माणसाच्या उंचीवर नव्हे. खाली, तान्हं लेकरू जमिनीवर असतं तिथं. ते उंबरा ओलांडायला बघत होतं आणि त्याला जमत नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पुढं कुणी विचारलं असतं तर तो कापूस होता असं त्यांनी सांगितलं असतं.

नर्मदाबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. तिघांच्या ओ त्यांनीही मोजल्या होत्या. त्यांनी तोंडातला पदर काढला आणि गुडघ्यावर बसून, दाराच्या फटीशी तोंड नेऊन, अगदी हळू सांगितलं, लेकराला निजवताना बोलतात तसं.

"न्हाई रे बाळांनो. तुमाला कुणी हाक मारली न्हाई. जा आता. जा."

आतून काही आलं नाही. कुणी रडलं नाही, हालचालही झाली नाही. त्या खोलीत ज्वारीच्या कणग्या होत्या आणि दुसरं काही नव्हतं. हे न बघताही कळत होतं, आणि हेच मास्तरांना सगळ्यात भयंकर वाटलं.

"कडू!" बायनाबाई खाटेपाशी जाऊन खेकसली. "ए कडे! उठती का घालू पाठीत?"

"ओ," कडू म्हणाली.  "मावशे, पाणी दे."

संध्याकाळपर्यंत कडूला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. रात्रीपर्यंत तिनं भाताची पेज खाल्ली, औषध थुंकलं, आणि मास्तरांनी ते पुसताना देवाचे आभार मानले. पुढं पुस्तक छापून आलं त्यात दगडी दगडीच राहिली. दिनकररावांनी पुष्कळ कुरकुर केली. मास्तर ऐकून घेत. कडूनंही नावाचा विषय पुन्हा काढला नाही.

ज्या दिवशी ताप उतरला त्या दिवशीची गोष्ट. कडू झोपली होती. मास्तर नर्मदाबाईंजवळ जाऊन बसले. पोर वाचली, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. नर्मदाबाई कोठीच्या उघड्या दाराकडं बघत होत्या. डोळे कोरडे होते.

"किती शहाणी होती हो पोरं," त्या म्हणाल्या. "एकदा जा म्हणलं, तर गेली."